उंटाच्या आडून

कतारला जाऊन मी हरणामागं चालले, असं सांगितलं की आमच्याकडे लोक आधी हसतात. मग विचारतात, तिथं हरणं कुठली? जाण्याआधी मलाही माहीत नव्हतं. माझ्या डोक्यातलं कतार म्हणजे काचेच्या उंच इमारती, कधी न संपणारं ऊन आणि दोन वर्षांतून एकदा मोठी बॅग घेऊन येणारा माझा भाऊ. आता डोळे मिटले की यातलं काहीच दिसत नाही. दिसतं ते धुकं. सपाट, दगडी वाळवंटावर उतरलेलं धुकं आणि त्यात उभी असलेली पांढुरकी हरणं. त्यांचे डोळे दिसतात, शिंगं दिसतात, मधलं अंग दिसत नाही.

आधी स्वतःबद्दल सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. मी वाशीम जिल्ह्यातल्या एका पारधी बेड्यावरची, म्हणजे गावाबाहेरच्या वस्तीवरची. फासेपारधी. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, आणि गुराढोरांची डॉक्टर झालेली तर आमच्या भागातल्या सगळ्या बेड्यांत पहिली. हे मी कुठंही सांगते, कुणी विचारलं नाही तरी सांगते. विहिरीत पडलेली, तारेत अडकलेली काळविटं सोडवणं, शिवणं आणि परत माळावर सोडणं हे माझं रोजचं काम. माझ्या बाबांनी, आजोबा-पणजोबांनी त्याच माळावर फासे लावून काळविटं धरली. शिकार बंद झाली, बंदच असावी. पण त्यांना जे येत होतं ते येत होतं. त्याची लाज मी कधी बाळगली नाही.

विलासदादाचं वेगळं होतं. मी सुट्टीत त्याला भेटायला गेले, आणि ते मला पोचल्या दिवशीच, पहिल्या चहाला कळलं.

नजमा

दादा माझ्याहून मोठा. तो दोह्यात गाडी चालवतो आणि नजम्यात राहतो. नजमा म्हणजे जुनी, दाटीची वस्ती: एकेका खोलीत पाच-सहा पुरुष, खाली शिंप्यांची आणि मोबाइलवाल्यांची दुकानं, कोपऱ्यावर मल्याळी माणसाची कॅफेटेरिया. तिथं मी पहिला कारक चहा प्याले. आटवलेलं दूध, वेलदोडा, आणि साखर अशी की चमचा उभा राहावा. आपल्या टपरीवरच्या चहाचा हा श्रीमंत चुलतभाऊ. वेस्ट बेमधल्या इमारती येताना समुद्रापलीकडं दिसल्या होत्या, पण हलक्या धुरकट हवेत त्या खऱ्या वाटत नव्हत्या. कुणीतरी पाटीवर काढून अर्धवट पुसल्यासारख्या.

चहा पिता पिता दादा म्हणाला, "मंदे, इथं कोणाले आपलं काही सांगजो नको."

मी विचारलं, आपलं म्हणजे काय. त्यानं हळूहळू सांगितलं. त्याच्या खोलीत शिंदेभाऊ नावाचे पंपमेकॅनिक आहेत, सोलापूरकडचे. माणूस दिलदार. दादाला ताप आला तेव्हा रात्रभर उशाशी बसले होते. पण एकदा जेवताना त्यांच्या गावाकडच्या चोरीचा विषय निघाला, आणि शिंदेभाऊ घास तोंडात असतानाच म्हणाले, पारध्यांचंच काम असणार, दुसरं कोण. दादानं काय केलं? त्यांच्या ताटात आणखी एक रोटी वाढली. तेव्हापासून इथं तो शेतकऱ्याचा मुलगा आहे. फोनवर घरच्यांशीसुद्धा आमच्या पारधी भाषेत बोलत नाही, वऱ्हाडीत बोलतो. मला वाटायचं, याला परदेशाचं वारं लागलं.

"उद्या रूमवर कोणाचं घड्याळ हारपलं तर पहिले कोणाकडं पाहतील, सांग," तो म्हणाला.

माझा स्वभाव तोंडावर बोलण्याचा, तरी मी शब्द दिला, की मी सांगणार नाही.

माझी राहायची सोय त्यानं नाशिकच्या एका कुटुंबाकडे केली होती. गणपतीत झालेली ओळख. वहिनी फार अगत्याच्या. त्यांचा मुलगा माझं सगळं मराठी समजून घ्यायचा आणि उत्तर इंग्रजीत द्यायचा. जणू बोलणं एका खिडकीतून आत जायचं आणि दुसऱ्या खिडकीतून बाहेर यायचं. पहिल्याच जेवणाला वहिनींनी सहज विचारलं, गावाकडं शेती काय तुमची? मी तोंड उघडायच्या आत दादा म्हणाला, तूर असते, सोयाबीन असतं. आमच्या नावावर तुरीचं एक झाड नाही. मी गपचूप वरण ओतून घेतलं.

शमालचा रस्ता

दादा ज्यांच्याकडे नोकरीला आहे त्यांना सगळे अबू खालिद म्हणतात, म्हणजे खालिदचे वडील. साठीच्या पुढचे, बारीक अंगाचे, शांत. उत्तरेला शमालच्या बाजूला त्यांचा इज्बा आहे. इज्बा म्हणजे शहराबाहेरचं शेतघर: थोडी खजुरीची झाडं, बकऱ्या, उंट, पाहुण्यांसाठी मजलिस, आणि यांच्याकडे त्यापलीकडं मैलोगणती कुंपण घातलेलं रान. त्या रानात ते रीम पाळतात. रीम म्हणजे इकडचं वाळूच्या रंगाचं हरीण, आपल्या चिंकाऱ्याचं जवळचं नातलग. जातपात सांगायला दादा कचरतो, पण बहीण डॉक्टर आहे हे त्यानं अबू खालिदना इतक्यांदा ऐकवलं होतं, की मी आल्याचं कळताच त्यांनी गाडीच पाठवली. चालवायला अर्थात दादाच.

निघालो तेव्हा पहाट झाली होती आणि धुकं इतकं होतं की रस्ता फक्त गाडीच्या पुढ्यात तेवढाच तयार होत होता. वाळवंटात धुकं पडतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मला टेकड्या टेकड्यांची वाळू हवी होती. ती दक्षिणेला, दादा म्हणाला. इथं जमीन सपाट, चुनखडीची, दगडगोट्यांची. मधूनच खोलगट जागा, तिथं पावसाचं पाणी थांबतं आणि गवत उगवतं. त्याला रौदा म्हणतात. रौद्यात बोरीची जुनी झाडं उभी असतात, काट्यांसकट अगदी आपली बोर. परमुलुखात ओळखीचं माणूस दिसावं तसं झालं.

मजलिसमध्ये बूट काढून बसलो. छोट्या, कानाशिवायच्या कपात कडू पिवळी कॉफी आली, सोबत खजूर. मी पीत गेले आणि वाढणारा ओतत गेला. नको असेल तर कप हलवून द्यायचा असतो, हे दादानं डोळ्यांनी खुणावून सांगेपर्यंत माझ्या कानात घंटा वाजायला लागल्या होत्या. नाश्त्याला गोड शेवया, आणि त्यावर पसरलेलं आम्लेट. ऐकायला विचित्र, खायला फार छान. आईला सांगितलं तर ती अजून विश्वास ठेवत नाही.

मग कामाचं बोलणं निघालं. कळपातल्या एका मादीच्या शिंगात आणि जबड्याभोवती मासेमारीच्या जाळ्याचा तुकडा अडकला होता. समुद्र जवळच, वाऱ्यानं असलं काहीबाही रानात येतं. जाळं आवळत चाललं होतं. तोंड पुरतं उघडत नव्हतं, ती कशीबशी ओठांनी गवत खुडत होती आणि रोज वाळत होती. इज्ब्याचे डॉक्टर हानी, कैरोकडचे, पोट सुटलेले, हसरे. जनावरांना औषध द्यायची परवानगी त्यांची, बेशुद्धीची सुई मारायची बंदूकही त्यांची. पाण्याच्या हौदाभोवती कुंपण घालून तिला धरायचा प्रयत्न त्यांनी केला होता. कळप पाण्यावर आलाच नाही, दव चाटून राहिला. सुई लागायची तर एखाद्या मोठ्या अंगणाच्या रुंदीइतकं जवळ जायला हवं, आणि गाडी दिसली की रीम क्षितिजावर.

मी दुर्बिणीतून तिला पाहिलं. कळपापासून जरा मागं राहत होती. फासळ्या मोजता याव्यात अशी. गाडीनं आणखी दोनदा दामटलं तर धावून धावूनच मरेल, हे डॉक्टर हानींनी सांगायची गरज नव्हती. हरणाचं काळीज आणि स्नायू पळण्यासाठी असतात, पाठलागासाठी नाही. माळावर मी अशी जनावरं सोडवताना हातात गमावली आहेत. ही तशी जाऊ नये, एवढंच मला तेव्हा दिसत होतं.

पानांचे कपडे

अबू खालिद स्वतः जुने शिकारी. तरुणपणी ससाणे पाळलेले, आणि नंतर एकदा अमेरिकेत जाऊन घोड्याएवढ्या हरणाच्या मागं डोंगरात दिवसेंदिवस बसून आलेले. तिथली गोष्ट त्यांनी मोडक्या हिंदीत, मधेमधे अरबी घालत, फार रंगवून सांगितली. तिथला वाटाड्या तोंडाला काळंहिरवं फासायचा. त्यानं यांना शिकवलं, की हरणाला लाल-नारिंगी नीट दिसत नाही, पण निळं झगमगीत दिसतं, म्हणून नीळ घातलेले, पावडरीनं धुतलेले कपडे घालायचे नाहीत. साबणाचा, अत्तराचा वास नको. वारा तोंडावर घ्यायचा. हालचाल झाडासारखी, म्हणजे नाहीच.

त्या सफरीचे कपडे त्यांनी जपून ठेवले होते. ते मला दिले. हिरव्या-तपकिरी पानांचे, फांद्या-सालींचे छाप असलेले, डोक्यापासून पायापर्यंत. मी घालून बाहेर आले. चहूकडं क्षितिजापर्यंत पिवळट दगड.

दादा बघत राहिला. म्हणाला, "झाडावानी दिसतं तू. पन डॉक्टरीणबाई, इथं झाड कुठं हाय?"

तरी अबू खालिदचं मन मोडवेना. ठरलं असं, की रौद्यातल्या बोरीखाली मी डॉक्टर हानींची बंदूक घेऊन लपून बसायचं आणि कळप चरत तिथं यायची वाट बघायची. वारा नीट होता, सावली होती, पानांचे कपडे निदान बोरीखाली तरी खपून गेले असते. आम्ही उठलो. आणि इथं ती गोष्ट झाली, जी फक्त त्या बैठकीतच होऊ शकते. पाहुणा मजलिसमधून उठला की निखाऱ्यावर ऊद ठेवून धुपाटणं त्याच्यापुढं धरतात. धूर कपड्यांत, बाह्यांत, केसांत घ्यायचा, तो मान असतो. जो माणूस मला घटकाभर वासाबद्दल बजावत होता, त्यानंच धुपाटणं हातात घेतलं आणि तीन वेळा माझ्याभोवती फिरवलं. त्यांच्या ते ध्यानातही आलं नाही. पाहुणा धुपाशिवाय दारातून गेला नव्हता कधी, आज कसा जाईल? नको म्हणायचा धीर मलाही झाला नाही. आमच्याकडं कुंकू लावायला पुढं आलेला हात कोण मागं सारतं?

बोरीखाली मी फार वेळ बसले. फांदीतून ऊन पाझरत होतं, मुंग्या बुटावरून आपल्या वाटेनं जात होत्या, आणि उदाचा तो दाट गोड वास माझ्यापासून निघून हळूच पसरत होता. दुपारनंतर वारा वळला. लांबवर कळपाची एकदम सगळी डोकी वर आली. पुढच्या क्षणी तिथं फक्त जमीन होती.

संध्याकाळी गाडीत मी दादाला म्हटलं, एकच रस्ता आहे. बाबांची रीत.

गाय

बाबांची रीत म्हणजे गाईची. आमच्या बेड्यावर एक शिकवलेली गाय असायची. माळावर चरणाऱ्या गुराला काळवीट भीत नाही. गाय चरत, डुलत, कधी उलटी वळत कळपाकडं सरकायची आणि बाबा तिच्या आडून, वाकून, एक हात तिच्या पाठीवर ठेवून चालायचे. बाबा म्हणायचे, हरीण तोंड बघत नाही, पाय बघतं. म्हणून त्यांचे पाय गाईच्या पायांत मिसळलेले असायचे. ती थांबली की थांबलेले. मी लहान असताना हट्टानं त्यांच्या मागं चाललेली आहे. गाईची कूस गरम, तिच्या पोटातला खळखळाट कानाशी, आणि थोड्या वेळानं वाटायचं की आपण आहोतच कुठं.

पण ही रीत दोघांची असते. एक लपणारा, एक दिसणारा. दिसणारा लांबून, उघड्यावरून जातो. कळपाकडं कधीच सरळ जात नाही, आडवा जातो, बसतो, उठतो, मागं फिरतो. हरणांचे डोळे त्याच्यावर लागून राहतात. पळण्याइतका तो जवळ नसतो, विसरण्याइतका लांब नसतो. आमच्या घरात दिसणारा दादा होता. लहानपणापासून.

दादानं गाडीचा वेग कमी केला. इज्ब्यावर शिंदेभाऊ पंपाच्या कामाला आलेले होते, तेही सगळं बघणार. त्यांच्या सोलापूरकडच्या माळांवर पारधी आहेतच. ती वाकून चालायची चाल, ते मधेच बसणं-उठणं त्यांनी एकदा पाहिलं तर ओळखायला वेळ लागणार नव्हता.

"शेतकऱ्याचं पोर असं चालत नाही, मंदे," तो म्हणाला.

मी म्हटलं, उद्या नाही केलं तर ती आठवडा काढत नाही. तू म्हणशील तसं. मी पुन्हा विषय काढणार नाही. आणि काढला नाही. मला न बोलता राहणं किती जड जातं, ते मला ओळखणाऱ्यांनाच कळेल.

सकाळी तो मला घ्यायला आला तेव्हा अंगात जुना मातकट सदरा होता, पायांत काही नव्हतं. गाडीत त्यानं माझ्याशी आमच्या भाषेत बोलायला सुरुवात केली. वारा कसा आहे, एवढंच विचारलं.

मबरूका

गाय नव्हती, उंटीण होती. मबरूका. तिला सांभाळणारा उस्मान, सुदानचा, उंच आणि आनंदी. तो रोज तिला घेऊन रौद्यातून जायचा, हरणांना तिची सवय होती. पण अडचणी समोर आल्या. उंटाचं पोट इतकं वर, की आडून चालणारा माणूस खालून पुरा दिसतो. मग तिच्या पाठीवरून एका बाजूला जाडजूड लोकरीची घोंगडी गुडघ्यापर्यंत सोडली. दुसरं म्हणजे चाल. गाय पावलं तिरकी टाकते, या बाजूचा पुढचा पाय तर त्या बाजूचा मागचा. उंट एका बाजूचे दोन्ही पाय बरोबर उचलतो, म्हणून तो बोटीसारखा डुलतो. गाईचे पाय मुरलेले माझे पाय सारखे चुकत होते. उस्मान हसून हसून वाकला. मग त्यानं माझा हात तिच्या कुशीवर दाबून धरला आणि यल्ला म्हणाला, म्हणजे चल. डोळ्यांनी नाही, हातानं ऐकायचं. थोड्या वेळानं जमलं.

पानांचे कपडे मी घडी करून परत दिले होते. अंगात दादाचा न धुतलेला शर्ट, त्यावर उस्मानची घोंगडी. धुपाटणं यायच्या आत मी मजलिसच्या मागच्या बाजूनं सटकले. मबरूकाच्या वासात माझा वास कुठं राहिला असता?

धुकं जमिनीलगत होतं, गुडघ्याइतकं, मधूनच वर येऊन सगळं झाकायचं. उस्मान दोर धरून पुढं, रोजच्यासारखा. मी आडोशाला, हातात बंदूक. डॉक्टर हानींनी सुई भरून दिली होती आणि हात वर करून इन्शाल्ला म्हटलं होतं. ते, अबू खालिद आणि शिंदेभाऊ पंपघराच्या उंचवट्यावर थांबले. दादा कुठं दिसत नव्हता.

आम्ही निघालो. त्या चालण्याबद्दल मला नीट सांगता येणार नाही. आवाज नव्हते. मबरूका मधेच थांबून एखादं झुडूप चघळायची, मग मीही उभी. तिचा श्वास आत गेला की माझा हात वर यायचा. धुकं इतकं जवळ होतं की माझे बूट मला दिसत नव्हते. मी कुठं संपते आणि उंटीण कुठं सुरू होते हे हळूहळू पुसट होत गेलं. वाशीमचा माळ, हा रौदा, बाबांची गाय, सगळं एकाच पांढऱ्या पाण्यात बुडालेलं. मला वाटलं बाबा पुढं चालताहेत आणि मी मागं वळून पाहिलं नाही तर ते तसेच चालत राहतील.

मग रीम दिसली. आधी शिंगं, काळी, बारीक. मग डोळे. अंगाचा रंग धुक्याचाच, त्यामुळं डोळे हवेत टांगल्यासारखे. सगळ्यांची तोंडं आमच्यापासून बाजूला, एकाच दिशेला वळलेली. मी त्या दिशेनं घोंगडीच्या कडेतून पाहिलं.

दादा होता. लांब, उघड्यावर, वाऱ्याच्या वरच्या अंगाला. अनवाणी, किंचित वाकलेला, हात मांडीला चिकटलेले. आडवा चालत होता. थांबला. बसला. धुकं आलं, तो गेला. धुकं सरलं, तो पुन्हा तिथंच, उभा. सबंध वाळवंटात दिसत होता तो एकटाच, आणि मला एवढंच कळत होतं की तो बाबांसारखा चालत नव्हता, तो स्वतःसारखा चालत होता. इतक्या वर्षांत मी त्याला तसं पाहिलं नव्हतं. कळप त्याच्याकडं बघत राहिला. आजारी मादीही. जाळ्याचा हिरवा तुकडा तिच्या जबड्याखाली लोंबत होता.

मबरूका आणखी थोडी सरकली. मी घोंगडीखालून नळी काढली. मांडीचा जाड भाग, तिथं. बंदुकीचा आवाज म्हणजे एखाद्यानं जोरात फुंकर मारावी इतकाच.

ती दचकली, चार उड्या मारून थांबली, मागं वळून पाहिलं. तिच्या दृष्टीनं तिथं एक उंट होता. कळप पांगला पण उधळला नाही. ती थोडं चालली, मग पाय आपसात अडखळायला लागले आणि ती हळूच, गुडघे टेकून, गवतात बसली.

मी पळाले. डोळ्यांवर कापड हवं होतं. दादा केव्हा पोचला कळलं नाही, त्यानं गळ्यातला रुमाल काढून बांधला आणि तिची मान मांडीवर घेतली. श्वास मोजला, ताप पाहिला, अंग निववायला पाणी लावलं. डॉक्टर हानी धापा टाकत आले. जाळं कातडीत रुतलं होतं, मी धागा धागा कापून काढला, जखम धुतली. जबडा सुटला तशी तिनं बेशुद्धीतच जीभ बाहेर काढली, लांब, निळसर, आणि एक जांभई दिली. डॉक्टर हानींनी उताऱ्याचं इंजेक्शन दिलं. रुमाल सोडून आम्ही मागं सरलो. ती उठली, डोलली, आम्हा तिघांकडं एकदा पाहिलं आणि धुक्यात शिरली. थोड्या अंतरावर थांबून तिनं तोंड खाली घातलं. गवत तुटल्याचा आवाज आला. तोंड भरून खाल्ल्याचा.

दादा म्हणाला, खलास. झालं. आणि हात धुवायला गेला.

मजलिस

दुपारी मोठ्या थाळ्यांत मच्बूस आला, मसाल्याचा भात आणि वर मटणाचे मोठे तुकडे. त्या दिवशी सगळे एकत्र बसले, आम्ही, उस्मान, डॉक्टर हानी, भिंतीकडंच्या थाळीवर शिंदेभाऊ. अबू खालिदच्या गळ्यात दुर्बीण अजून होती.

त्यांनी दादाला हिंदीत विचारलं, "विलास, ये किसने सिखाया? तुम्हारा बाप क्या काम करता था?"

उत्तर माझ्या जिभेच्या टोकावर होतं. इतकं की दात आवळावे लागले. शब्द दिला होता.

"सय्याद," दादा अरबीत म्हणाला. शिकारी. मग, कुणालाही समजेल अशा हिंदीत, वर न बघता: "हम लोग पारधी हैं. फासेपारधी."

आमच्याकडे हा शब्द पोलीस ठाण्यात संशयितांच्या यादीत पहिल्या ओळीवर येतो. अबू खालिदनी तो ऐकला आणि ताठ बसले, जसं एखाद्यानं मोठ्या घराचं नाव घ्यावं तसं. त्यांनी हाताने मटणाचा सर्वांत चांगला तुकडा तोडला आणि दादाच्या पुढ्यात ठेवला. त्यांच्याकडं मानाच्या पाहुण्याला यजमान असं आपल्या हातानं वाढतो. मग म्हणाले, दाखव. गाय इथं आहे समज.

मी शिंदेभाऊंकडं पाहिलं. त्यांचा हात थाळीवर थांबला होता.

दादा उठला. मजलिसच्या गालिच्यावर, उशांच्या रांगांमधल्या मोकळ्या वाटेत तो वाकला, डावा हात नसलेल्या गाईच्या पाठीवर ठेवला आणि चालायला लागला. दोन पावलं, थांबणं, मान खाली, पुन्हा एक पाऊल. मला ती गाय दिसत होती, मी शपथेवर सांगते. वाट भिंतीकडं जात होती आणि वाटेत शिंदेभाऊंची थाळी होती. शिंदेभाऊंनी ती ओढून घेतली, गुडघे जवळ घेतले, गाईला वाट करून दिली.

दादा त्यांच्यासमोर आला तेव्हा ते खालच्या आवाजात, मराठीत म्हणाले, "आन् विलासराव, गाय मधीच बसली तर ओ?"

दादा तसाच वाकलेला राहिला. मग त्यानं पहिल्यांदा त्यांच्याकडं पाहिलं.

"गाय बसली तर आपनबी बसाचं," तो म्हणाला, आणि तिथंच, शिंदेभाऊंच्या शेजारी, गालिच्यावर बसला.